मुंग्यांच्या पलीकडून

१२ जून २००९ च्या रात्री मी टीव्ही बंद पडायची वाट बघत बसलो होतो.

अमेरिकेत येऊन मला वर्षही झालं नव्हतं. कामानिमित्त युटा राज्यातल्या एका छोट्या गावात, एका घराच्या तळघरात भाड्याने राहत होतो. आधीचा भाडेकरू एक टीव्ही मागे सोडून गेला होता. जाड काचेचा, पाठीला भलं मोठं कुबड असलेला. वर दोन दांड्यांचा अँटेना. चार-पाच चॅनेलं दिसायची आणि सगळ्यांवर कमीजास्त मुंग्या. 'मुंग्या' हा शब्द तिथे कुणाला सांगून कळला नसता, तिकडे त्याला बर्फ म्हणतात. मला आपलाच शब्द बरा वाटतो. बर्फ पडतो आणि पडून राहतो. पडद्यावरचं ते काळंपांढरं सतत वळवळत असतं, कुठेतरी निघाल्यासारखं.

त्या रात्री देशातली मोठी टीव्ही केंद्रं ॲनालॉग प्रक्षेपण, म्हणजे चित्र आकड्यांत न बदलता लहरीच्या चढउतारांतून पाठवायची जुनी पद्धत, थांबवून फक्त डिजिटलवर जाणार होती. आधीची तारीख १७ फेब्रुवारी होती. जुन्या टीव्हीला जोडायच्या डिजिटल डब्यासाठी सरकार ४० डॉलरची कुपनं देत होतं, घरटी दोन. त्या योजनेचे पैसे संपले, कुपनांसाठी थांबलेल्यांची यादी लांबत गेली, तेव्हा संसदेने मुदत जूनपर्यंत वाढवली. इतके महिने टीव्हीच टीव्हीबद्दल बजावत होता: तुमच्या घरी जुना संच असेल तर तयारी करा. मी काहीच तयारी केली नव्हती. खरं सांगायचं तर मला ते बंद पडताना बघायचं होतं. एक अख्खी गोष्ट संपताना समोर बसायला कितीदा मिळतं?

बारा वाजले. साडेबारा वाजले. बातम्या संपल्या, जाहिराती झाल्या, कुठलासा जुना कार्यक्रम लागला. मुंग्या होत्या तेवढ्याच. एकला मी कंटाळून झोपलो. सकाळी उठून बटण दाबलं तर चित्र होतं तिथेच.

घरमालक सत्तरीचे होते. अंगणात पाण्याची नळी धरून उभे होते. मी त्यांना विचारलं, काल रात्री सगळं बंद होणार होतं ना? त्यांनी नळी खाली ठेवली आणि समोरच्या डोंगराकडे बोट केलं. "तू बघतोस ते सॉल्ट लेक सिटीचं केंद्र नाही. ते तिकडे खरंच डिजिटल झालं. तू बघतोस ती वरची पेटी, ती ते डिजिटल घेऊन खाली ॲनालॉग सोडते. तिला कुणी बंद व्हायला सांगितलेलं नाही."

कमी शक्तीच्या टीव्ही केंद्रांशी माझी ओळख झाली ती अशी.

आमचं गाव एका दरीत होतं. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते आणि पश्चिम अमेरिकेतली कितीतरी गावं अशा सावलीत वसलेली आहेत. यावरचा उपाय गावकऱ्यांनीच १९५०च्या दशकात शोधला. दोन्हीकडचं दिसेल अशा डोंगरमाथ्यावर एक अँटेना शहराच्या दिशेने लावायचा, त्यातून मिळालेला सिग्नल दुसऱ्या चॅनेलवर घ्यायचा, थोडा वाढवायचा आणि दुसऱ्या अँटेनातून खाली गावात सोडायचा. याला ट्रान्सलेटर म्हणतात. भाषांतर करणाऱ्यालाही तोच शब्द. मला हे नाव फार आवडलं, कारण काम तेच आहे: सांगणं दुसऱ्याचं, ते फक्त इथल्या लोकांना ऐकू येईल अशा जागी आणून ठेवायचं. त्यांची नावंही नावासारखी नसतात. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला असेल तर 'के', पूर्वेला असेल तर 'डब्ल्यू', मग चॅनेलचा आकडा, मग दोन अक्षरं. कैद्याच्या बिल्ल्यासारखं.

१९८२ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, लो-पॉवर टेलिव्हिजन असा नवा वर्ग काढला. ट्रान्सलेटरला दुसऱ्याचं पुढे पाठवण्यापलीकडे फारसं काही करता येत नसे. या नव्या केंद्रांना स्वतःचे कार्यक्रम दाखवायची मुभा मिळाली. यूएचएफवरच्या, म्हणजे वरच्या आकड्यांच्या चॅनेलांवरच्या, मोठ्या केंद्राची प्रक्षेपणशक्ती ५,००० किलोवॉटपर्यंत जाऊ शके, या छोट्यांची मर्यादा पुढे वाढून १५० किलोवॉट झाली, तीही यूएचएफवर. व्हीएचएफवर, म्हणजे खालच्या आकड्यांच्या चॅनेलांवर, तर फक्त ३. शाळेचे बास्केटबॉलचे सामने, चर्चमधली रविवारची प्रार्थना, नगरपरिषदेच्या सभा, आणि शहरांमध्ये स्पॅनिश, कोरियन, व्हिएतनामी बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या भाषेतल्या बातम्या: जे मोठ्या केंद्रांच्या हिशेबात कधीच बसलं नसतं, ते या छोट्यांवर आलं.

ॲनालॉग बंद करायचा तो कायदा पूर्ण शक्तीच्या केंद्रांसाठी होता. छोट्यांना त्यातून वगळलं होतं. डिजिटल प्रक्षेपकासाठी त्यांच्याकडे पैसे कुठे होते? म्हणून साऱ्या देशाने ॲनालॉगला निरोप दिला त्या रात्री आमच्या दरीत काही म्हणजे काही झालं नाही.

पण गोंधळ व्हायचा तो दुसऱ्या बाजूने झाला. वर्षभर टीव्हीवर धोक्याची सूचना ऐकून गावातल्या बऱ्याच लोकांनी कुपनं मागवली होती, डबे आणले होते. १२ तारखेला त्यांनी आज्ञाधारकपणे डबा जोडला आणि पडदा काळा झाला. डबा डिजिटल शोधत होता, डोंगरावरून येत होतं ॲनालॉग. कित्येक डबे असे होते की त्यांच्यातून ॲनालॉग सिग्नल पुढे जायचाच नाही. अँटेनाची वायर डब्यात घातली की छोट्या केंद्रांच्या तोंडावर दार बंद. काही डब्यांत तशी सोय होती, पण विकत घेताना हे कोण बघतं? छोट्या केंद्रांच्या संघटनेने, कम्युनिटी ब्रॉडकास्टर्स असोसिएशनने, या डब्यांवरून थेट एफसीसीला कोर्टात खेचलं होतं. ती लढाई त्यांना झेपली नाही आणि ऑगस्ट २००९ मध्ये संघटनेनेच गाशा गुंडाळला.

आमच्या गावात ही लढाई घरमालक एकटे लढले. त्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी पिकअप घेऊन घरोघरी जायचे. काम एवढंच: डबा काढायचा, वायर परत टीव्हीच्या पाठीत खोचायची. दोनदा मीही गेलो बरोबर. एका आजींनी, चित्र परत दिसल्यावर, त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सकाळपासून त्यांना वाटत होतं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं.

*

सप्टेंबरअखेरीस घरमालकांनी मला डोंगरावर नेलं. हिवाळ्याआधीची शेवटची फेरी होती ती. बर्फ पडल्यावर वर जायला स्नोमोबाइल लागते आणि ते म्हणत, आता माझे गुडघे त्याला नाही म्हणतात. अनेक ठिकाणी हे ट्रान्सलेटर काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, चालवते, लोकांच्या करातून. घरमालकांना काउंटीकडून थोडंसं मानधन मिळायचं, डिझेलपुरतं. पंचवीस वर्षं ते हे काम बघत होते.

माथ्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांची एक खोली, आपल्या न्हाणीघराएवढी. बाहेर दोन खांब. एकावरचा अँटेना उत्तरेकडे तोंड करून, दुसऱ्यावरचे खाली दरीकडे. दार उघडलं तसा गरम धुळीचा वास आला. आत एका लोखंडी मांडणीत चार ट्रान्सलेटर आणि कोपऱ्यात वेगळं ठेवलेलं एक यंत्र: गावच्या स्वतःच्या छोट्या केंद्राचा प्रक्षेपक. घरमालकांनी सर्वात आधी झाडू घेतला आणि उंदरांनी जमवलेला काडीकचरा बाहेर लोटला. मग एकेका यंत्रासमोर उभे राहून आकडे वहीत लिहिले.

एका पेटीवर १० वॉट असं लिहिलं होतं. झिरोच्या बल्बलाही याहून जास्त लागतात. तेवढ्यात अख्खी दरी टीव्ही बघत होती.

पेटीवरच्या मापकात एक काटा हलत होता. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "रात्रीचं दृश्य चालू आहे." मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी छोटा मॉनिटर लावून दाखवला. खरंच, एका अंधाऱ्या गल्लीत दोन माणसं बोलत होती. दृश्य बदललं, वाळवंट आलं, लख्ख ऊन, तसा काटा खाली आला. अमेरिकेच्या ॲनालॉग पद्धतीत उजेडाला कमी शक्ती लागते आणि अंधाराला जास्त. पडदा जितका काळा तितकी लहर उंच. कारण असं की वाटेत वीज कडाडली किंवा कुणाची मोटर सुरू झाली, की तो खरखराट लहरीत मिसळून तिला उंचावतो, आणि उंचावलेली लहर म्हणजे काळा ठिपका. काळा ठिपका डोळ्याला पांढऱ्याइतका टोचत नाही. १९४१ साली ही पद्धत ठरवणाऱ्यांनी एवढा विचार केला होता: बिघाड होणारच आहे, तर तो कमीत कमी खुपेल असा होऊ दे.

त्या काट्यासमोर मी अर्धा तास उभा असेन. शहरातून माथ्यापर्यंत चित्र आता आकड्यांत यायचं, पण पेटीतून खाली निघताना पडद्यावरचा उजेड आणि पेटीतली वीज यांच्यामध्ये काहीच नव्हतं.  पडद्यावर अंधार झाला की ओळीने सगळ्या डोंगरांवरचे काटे उचलले जात होते.

परतताना ते उत्तरेकडे बोट दाखवून म्हणाले, त्या बाजूला फार्न्सवर्थ पीक आहे. सॉल्ट लेक सिटीची बरीच टीव्ही केंद्रं त्या शिखरावरून प्रक्षेपण करतात. शिखराचं नाव ज्याच्यावरून पडलं तो फायलो फार्न्सवर्थ याच राज्यात, बीव्हर गावाजवळ, १९०६ साली जन्मला. पुढे त्याचं कुटुंब आयडाहोत गेलं. तिथे शेत नांगरताना चौदा वर्षांच्या या पोराने मागे वळून बघितलं, एकाशेजारी एक पडलेली तासं त्याला दिसली, आणि त्याच्या डोक्यात आलं की चित्रही असंच ओळीओळीने नांगरता येईल. ही हकिगत तिकडे सगळ्यांना पाठ आहे. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पहिलं चित्र पाठवलं. ते चित्र म्हणजे एक सरळ रेघ होती. एकच तास.

अमेरिकेच्या ॲनालॉग चित्रात अशा ५२५ ओळी. आधी एकाआड एक विषम ओळी नांगरायच्या, मग वर जाऊन राहिलेल्या सम. सेकंदाला सुमारे ३० वेळा हे शेत नांगरून व्हायचं. आमच्या तळघरातल्या टीव्हीजवळ डोळे नेऊन बघितलं की ती तासं दिसायची. त्यानंतर त्यांच्याकडे बघून मला कधी नुसता पडदा दिसला नाही.

*

ॲनालॉग चित्र खालावतं कसं, हे बघायला त्या दरीसारखी जागा नाही. गावाच्या मध्यावर चित्र स्वच्छ. डोंगराला वळसा घालून पुढे गेलं की माणसाच्या बाजूला त्याची फिकट सावली उभी राहायची, कारण लहर एकदा थेट आणि एकदा समोरच्या कड्यावर आपटून, किंचित उशिराने येते. अजून पुढे रंग जायचे. मग मुंग्या. दरीच्या तोंडाशी तीन घरं होती, तिथे पडद्यावर मुंग्यांचं वारूळच. पण आवाज! आवाज शेवटपर्यंत नीट यायचा. चित्र एका पद्धतीच्या लहरीवर जातं आणि आवाज एफएमवर, जी खरखराटाला सहज दाद देत नाही. त्या तीन घरांतल्या शेवटच्या घरात एक म्हातारी बाई शाळेचे सामने बघायची. नातू खेळायचा. मी एकदा बसलो आहे तिच्याकडे. वारुळात पोरं धावत होती, कुणाच्या अंगावरचा आकडा वाचता येत नव्हता, आणि ती सांगत होती, हा आमचा. कशावरून? "तो पळताना डावा खांदा पाडतो."

डिजिटलमध्ये असं होत नाही. तिथे सिग्नल गोंगाटापेक्षा ठरावीक प्रमाणात वर असावा लागतो. अमेरिकेने निवडलेल्या पहिल्या डिजिटल पद्धतीत हा उंबरठा साधारण १५ डेसिबलचा. त्याच्या वर असाल तर निर्दोष चित्र, अगदी प्रक्षेपकाच्या पायथ्याशी दिसेल तसंच. किंचित खाली गेलात की चौकोनी तुकडे, तुटका आवाज, आणि मग काहीच नाही. अभियंते याला कडा म्हणतात. कड्यावर माणूस एक तर उभा असतो किंवा नसतो.

डिजिटलने वाईट केलं असं मी म्हणणार नाही. घरमालकही म्हणत नसत. एका ट्रान्सलेटरवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उड्या मारत ज्या दऱ्यांत टीव्ही पोहोचायचा, तिथे ॲनालॉगच्या प्रत्येक उडीत मुंग्या वाढायच्या. डिजिटलमध्ये दर टप्प्यावर सिग्नल पुन्हा नव्यासारखा करून पुढे पाठवता येतो. दूरच्या कित्येक वस्त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ चित्र दिसलं ते डिजिटल आल्यावर. शिवाय जिथे एक चॅनेल मावायचं तिथे चार मावायला लागली. आमच्या माथ्यावरचे चार ट्रान्सलेटर पुढच्या काही वर्षांत एकेक करून बदलले. तोपर्यंत मी गाव सोडलं होतं, पण घरमालक फोनवर सांगायचे. पहिला बदलला तेव्हा दरीतोंडाच्या तीन घरांपैकी दोन घरांत चित्र असं आलं की त्यांनी आनंदाने सांगायला फोन केला. तिसऱ्या घरात काहीच आलं नाही.

मला राहून राहून त्या तिसऱ्या घराचं वाटतं. जे अर्धवट पोहोचत होतं तेही पोहोचतच होतं. पलीकडे कुणीतरी बोलतंय एवढं कळत होतं, आणि अर्ध्या चित्रात उरलेलं अर्धं ती बाई स्वतः भरत होती, नातवाचा खांदा ओळखून. नव्या हिशेबात तिच्या घरी पोहोचणारा सिग्नल शून्य धरला गेला. सिग्नल शून्य नव्हता. तो तिच्या भिंतीवर आपटत होता, रोज, फक्त आता त्याला काही उघडत नव्हतं. पुढे तिच्या मुलाने सॅटेलाइटची थाळी बसवून दिली. त्यावर जगभरचं दिसायचं. गावचं केंद्र तिथे नव्हतं. पण गावच्या केंद्राचा प्रक्षेपक अजून ॲनालॉगच होता आणि जुना अँटेना तिने काढू दिला नाही. सामन्यांच्या दिवशी ती थाळीची वायर काढून ती वायर लावायची.

*

कायद्यात या छोट्या केंद्रांना 'दुय्यम' म्हटलं आहे. दुय्यम म्हणजे काय, तर मोठ्या केंद्राला तुमचा त्रास झाला तर तुम्ही बंद व्हायचं. मोठ्याचा तुम्हाला त्रास झाला तर सोसायचं. मोठ्याला तुमची जागा हवी झाली तर उठायचं आणि दुसरी जागा सापडते का बघायचं. केबलवाल्यांवर मोठी केंद्रं दाखवायचं बंधन आहे, छोट्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत नाही. १९९९ साली संसदेने थोडी दया दाखवली. जी छोटी केंद्रं दिवसाला १८ तास चालतात आणि आठवड्याला किमान तीन तास स्थानिक कार्यक्रम करतात, त्यांना 'क्लास ए' असा बरा दर्जा मिळाला. बाकीचे दुय्यमच राहिले.

मग मोबाइल कंपन्यांना जागा हवी झाली. टीव्हीच्या लहरींचा मोठा तुकडा लिलावात निघाला. २०१७ मध्ये तो लिलाव संपला तेव्हा १९.८ अब्ज डॉलर जमले होते आणि चॅनेल ३८ पासून ५१ पर्यंतची सगळी जागा टीव्हीच्या हातून गेली. मोठ्या केंद्रांना हलवायचा खर्च मिळाला, जागा सोडणाऱ्यांना पैसे मिळाले. दुय्यमांच्या वाट्याला आधी धावपळच आली. त्यांच्यासाठी ॲनालॉग बंद करायची तारीख २०१५ च्या १ सप्टेंबरवरून पुढे ढकलली गेली, कारण लिलावानंतर कोण कुठे बसणार हेच ठरलं नव्हतं. शेवटी ठरली १३ जुलै २०२१. अलास्काला तेवढी जानेवारी २०२२ पर्यंत सवलत मिळाली. तिथे रस्ता नसलेल्या वस्त्यांमध्ये छोट्या प्रक्षेपकांचं जाळं आहे, आणि एकेका ठिकाणी यंत्र बदलायला विमानाने माणूस पाठवावा लागतो.

म्हणजे बघा, मोठ्यांनी दिवा मालवल्यावर बारा वर्षं या छोट्यांनी तो हातात धरला.

१२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी घरमालकांचा फोन आला. ते ऐंशीच्या पुढे गेले होते. गावच्या केंद्राला डिजिटल प्रक्षेपक परवडला नव्हता. चालवणारं कुटुंब थकलं होतं, परवाना सोडून द्यायचं ठरलं होतं. माथ्यावरचं ते कोपऱ्यातलं यंत्र बंद करायला ते नातवाला घेऊन गेले होते. खरं तर गावातून तारेवरून बंद करता आलं असतं. "पण सुरू करताना मी तिथे होतो," ते म्हणाले.

शेवटचं काय दाखवलं, मी विचारलं.

"रस्ता." केंद्राने आपल्या दारातला कॅमेरा गावच्या मुख्य रस्त्यावर रोखून ठेवला होता. दिवसभर तेवढंच. लोकांना कळलं तसे ते येऊन त्या रस्त्यावरून चालत गेले, काही जण थांबून हात हलवून गेले. घरमालक खाली उतरून घरी आले तोवर अंधार पडला होता. त्यांनी जुना टीव्ही त्याच चॅनेलवर सुरू केला आणि फोन त्याच्याजवळ धरला. मला ऐकू आलं ते: स्स्स्स्स. अखंड. मी तो आवाज बारा वर्षांपूर्वी त्याच घराच्या तळघरात ऐकला होता, पण तेव्हा त्याच्या मागे कायम कुणीतरी बोलत असायचं.

*

एक ॲनालॉग अजून आहे.

अमेरिकेतल्या टीव्हीचं चॅनेल सहा ८२ ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बसतं. ॲनालॉगमध्ये चित्र ८३.२५ वर आणि आवाज ८७.७५ वर. आणि एफएम रेडिओ सुरू होतो ८८ ला. म्हणजे चॅनेल सहाचा आवाज रेडिओच्या कुंपणाला अगदी बाहेरून टेकलेला. बहुतेक रेडिओंचा काटा ८७.७ पर्यंत खाली जातो. मोठी केंद्रं २००९ मध्ये निघून गेली त्या सुमारास चॅनेल सहावरच्या काही छोट्यांच्या हे चांगलंच ध्यानात आलं. त्यांनी आपलं टीव्ही केंद्र रेडिओसारखं चालवायला सुरुवात केली. चित्र नावापुरतं, सगळा जीव आवाजात. शहराच्या मधोमध एफएमचं स्टेशन, ज्याचा परवाना मात्र टीव्हीचा. काहींनी त्यांना, फ्रँकनस्टाइनच्या गोष्टीतल्या राक्षसावरून, 'फ्रँकन-एफएम' असं नाव दिलं. मला ते कधी पटलं नाही. भाड्याच्या खोलीला रस्त्याकडची एक खिडकी निघाली आणि भाडेकरू तिथून गाऊ लागला, यात राक्षसी काय आहे?

मी २०१४ मध्ये शिकागोला आलो आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे ८७.७ वर 'मीटीव्ही एफएम' सुरू झालं. साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांतली मवाळ गाणी. कागदोपत्री ते कमी शक्तीचं टीव्ही केंद्र, डब्ल्यूआरएमई. सांगायला कुणी नव्हतं तरी मी ओळखलं असतं, कारण तो आकडा कुंपणाबाहेरचा होता. गाडीत बसलो की माझं बोट आपोआप सगळ्यात खालच्या टोकाला जायला लागलं.

१३ जुलै २०२१ ला यांचंही संपायला हवं होतं. डिजिटल झालं की ८७.७५ वरची ती लहरच राहत नाही. पण यातल्या काहींनी एक तोड काढली. नव्या, दुसऱ्या पिढीच्या डिजिटल पद्धतीत चित्राचा पट्टा थोडा आखूड करायचा आणि वरच्या कडेला जी चिंचोळी जागा उरते तिथे जुनी ॲनालॉग आवाजाची लहर तशीच उभी ठेवायची. एफसीसीने आधी तात्पुरती परवानगी दिली. जुलै २०२३ मध्ये ती कायम केली, अशा १४ केंद्रांपुरती. पंधरावं होणार नाही. आहेत त्यांनी आहे तिथेच राहायचं, दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि बरोबर एक मोफत डिजिटल टीव्ही चॅनेलही दाखवायचं. शिकागोचं केंद्र राहिलं.

मला तो आवाज लावला की माथ्यावरचा काटा आठवतो. चित्र नाही, तासं नाहीत, नांगर केव्हाच थांबला. फक्त नांगरणाऱ्याचं गाणं राहिलं आहे.

गेल्या शरद ऋतूत लेकीला घेऊन इंटरस्टेट ५७ या महामार्गाने दक्षिणेला निघालो होतो. दोन्हीकडे मका कापून झालेला, सपाट जमीन, लांबपर्यंत काहीच नाही. ८७.७ लावलेलं होतं. शहर मागे पडलं तशी गाण्याच्या कडेला बारीक सळसळ सुरू झाली. मग सळसळ वाढली. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, बिघडलाय."

"नाही गं. लांब आलोय आपण."

"मग बदल ना."

मी म्हटलं, थोडं थांबू. एक बाई गात होती, गिटार होती, मग नुसती बाई, मग एखादाच शब्द. लेकीने कान पुढे केला. ती शब्द सांगायला लागली, जो निसटेल तो मनाने घालून. काही बरोबर असतील, काही नसतील. कांकाकी गावाच्या अलीकडे तेही बुडालं.

"गेलं," ती म्हणाली.

समोर एक उड्डाणपूल होता, गाडी त्याच्यावर चढली, आणि त्या उंचीवर बाई परत आली, अर्ध्या ओळीपुरती.